मी 'समाधानकारक' लिहिलेली भिंत

डिसेंबरातल्या एका दुपारी मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना माझे जुने नकाशे दाखवत होते. बारा वर्षांपूर्वी पुण्यात एम.आर्क. करताना हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावातली शाळा मी मोजली होती. मातीत बांधलेल्या दगडी भिंती, वर कौलं, दोन्ही बाजूंनी उजेड, खिडकीला लागून ज्वारीचं शेत. अशा खोलीत मुलं जास्त वेळ लक्ष देतात, शेतातली मोजमापं त्यांच्या गणितात उतरतात, म्हणून ही खोली पाडू नये, असा माझ्या प्रबंधाचा मुद्दा होता. त्यावर मला चांगले गुण मिळाले होते, आणि त्याचा सारांश मी गावच्या पंचायतीलाही दिला होता.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. "मॅडम, ते माझ्या मावशीचं गाव. ती खोली पडली ना? दोन मुली सापडल्या होत्या आत."

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं झाली होती त्याला. त्या शुक्रवारी मी रजा टाकली.

कोल्हापूरहून सकाळी सहाची एसटी घेतली. कराडला चहा, साताऱ्याच्या पुढे एक वडापाव, आणि खंबाटकीनंतर गाडी भरधाव. एक वाजून गेल्यावर स्वारगेटला पोचले. सदाशिव पेठेत स्वस्तात खोल्या मिळतात, पण बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात, तेव्हा आधी फोन करा. मला तिसऱ्या मजल्यावरची एक मिळाली. बॅग टाकून तडक विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले.

खिडकीवरच्या गृहस्थांनी माझी चिठ्ठी वाचली, नाव दोनदा ताडून पाहिलं. "स्वतःचाच प्रबंध वाचायला कोल्हापूरहून आलात?"

"हो."

"बरं झालं. अजून कोणी मागितला नव्हता."

पान क्रमांक मला आठवत नव्हता, शोधावा लागला. तापमानाचे तक्ते नऊ पानं, उजेडाचे सहा. मग एक ओळ: 'भिंतींची स्थिती: समाधानकारक.'

त्या खोलीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, लाकडी कपाटाच्या मागे, माझा तळहात उभा जाईल एवढा तडा होता. कोणीतरी वरून सिमेंट थापलं होतं आणि तेही फुटलं होतं. हे मला गेल्या आठवड्यात आठवलं नाही, कायम आठवत होतं. फक्त त्याचं पुढे काही झालं असेल असं मनात येऊ दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी गावाकडे निघाले. कोणाला त्या बाजूला जायचं असेल तर सकाळी साडेआठ ते अकरा टाळा. शनिवार म्हणून रस्ता मोकळा असेल हा माझा भ्रम होता. कंपन्यांच्या बस एकामागे एक उभ्या, मेट्रोच्या खांबांखाली रस्ता अरुंद झालेला, बावीस किलोमीटरला दोन तास. शेवटच्या थांब्यापासून शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाला म्हणाला, "गाव म्हंजे कुठं? आता समदं सोसायट्याच हायेत."

खरंच होतं. ज्वारीच्या जागी चौदा मजली इमारत, तिच्या तळाशी प्रोटीन पावडरचं दुकान. शाळा आता तीन मजली, काँक्रीटची, गेटवर वॉचमन. त्यालाच मी पडलेल्या खोलीबद्दल विचारलं. त्याने समोरच्या घराकडे बोट केलं. "शांताबाईंकडं जा. त्यांची पोरगी व्हती त्यात."

शांताबाईंचं खाली घर, वर कंपन्यांतल्या मुलांना भाड्याने दिलेल्या खोल्या. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी निरखून पाहिलं.

"टेप घेऊन मोजाया यायच्या त्याच ना तुमी? मीच पानी दिलं व्हतं तुमास्नी. या की आत."

मी आत गेले. त्यांनी चहा ठेवला आणि स्वतःहूनच सांगू लागल्या. गुरुजी दर सभेत नवी खोली मागायचे. पंचायतीत एकदा हो-नाही झालंही. "पर सरपंच म्हनले, विद्यापीठाच्या मॅडमनी लिहून दिलंय, खोली झ्याक हाय, पाडू नका. कागद दाखवला की त्यांनी. मग गुरुजी गप बसले." दुसऱ्या वर्षी जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला आणि पाचव्या दिवशी पश्चिमेची भिंत आत आली. वैभवी नावाची मुलगी जागच्या जागी गेली. तिच्या शेजारी बसलेली प्रतीक्षा, शांताबाईंची मुलगी, वाचली. वैभवीचे आईबाप वर्षाच्या आत जमीन विकून निघून गेले. ते ज्वारीचं शेत त्यांचंच होतं.

एवढ्यात प्रतीक्षा कॉलेजातून आली. अठरा वर्षांची, उंच. उजवा हात कोपरापासून वाकडा, त्याची बोटं मिटत नव्हती. आईने ओळख करून दिली तशी ती बसली नाही, उभीच राहिली.

"तो रिपोर्ट तुमचा?"

"हो."

"तुम्ही भिंत बघितली होती?"

खोटं बोलण्यासाठी मी एवढ्या लांब आले नव्हते. "बघितली होती. कपाटामागे तडा होता. मी तो लिहिला नाही."

"का?"

"लिहिला असता तर खोली पाडा म्हणाले असते. माझा सगळा अभ्यास त्या खोलीवर उभा होता. वाटलं, दगडी भिंत आहे, इतकी वर्षं टिकलीय, अजून टिकेल."

शांताबाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्या आत गेल्या आणि मी असेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

प्रतीक्षा म्हणाली, "आई दहा वर्षं म्हणतेय, देवाच्या मनात होतं. मी पण तेच धरून चालले होते." मग, "आता हे लिहा. तेव्हा जिथं लिहिलं नाही तिथंच."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमची रिक्षा जाईल. दुपारी लवकर मिळत नाहीत."

परतीची एसटी रविवारी सकाळची होती. वाटेत काय खाल्लं, आठवत नाही.

कोल्हापुरात आल्यावर मी एक पान लिहिलं: तडा कुठे होता, किती रुंद होता, मी का लपवला. ग्रंथालयाला पाठवलं. उत्तर आलं की जमा झालेल्या प्रबंधाला काही जोडण्याची तरतूद नाही. म्हणून ते सगळं इथे लिहिलं आहे. संशोधनासाठी कोणाची शाळा, कोणाचं घर मोजायला निघाला असाल, तर कपाट हलवून बघा. आणि दिसेल ते तुमच्या मुद्द्याच्या विरोधात गेलं तरी लिहा. याहून मोठा सल्ला माझ्याकडे नाही. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

तेच पान मी प्रतीक्षालाही पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला: 'मिळालं. आईला वाचून दाखवलं. वैभवीच्या घरच्यांचा पत्ता तिनंच शोधून काढला. खाली देतेय.'

पत्ता जुन्नरच्या बाजूचा आहे. असा कागद पोस्टाने पाठवायचा नसतो, एवढं मला कळतं. तिकीट काढलं आहे. त्या प्रवासाबद्दल मी इथे लिहिणार नाही.