धक्क्यावरच्या बाईंची ताटली

मंडळी, ग्रीसमधल्या एका बेटावरच्या नेट कॅफेतून लिहितोय. आई आणि मी इथे यॉटने फिरतोय.

काल आधीच्या बेटावर, धक्क्यासमोर राहणाऱ्या बाईंनी आम्हाला ताटलीभर अंजिरं दिली. ताटली रिकामी परत करायची नाही, म्हणून आईने इल्फर्डच्या घरून आणलेला चिवडा त्यात भरून दिला. तासाभरात तीच ताटली ऑलिव्ह घेऊन परत आली. आईने लाडू दिले. बाईंनी चीज पाठवलं.

आज सकाळी आमचा फराळ संपला. कॅप्टनला वारा वाढायच्या आत निघायचं होतं.

"आई, तशीच देऊन टाक."

"रिकामी? शोभतं का?"

निघालो. ताटली आईच्या मांडीवर. बाई धक्क्यावरून जोरजोरात हात हलवत होत्या. आम्हीही हलवले.

आता तुम्हीच सांगा, त्या निरोप देत होत्या की ताटली मागत होत्या?