एफ नाइन आणि भाचीचं बारसं

२०१८ साली आमच्या घरातला माउस मी कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला होता.

त्याचं असं झालं. मी कोसबाडच्या बाजूला एका शेती प्रशिक्षण केंद्रात कॉम्प्युटरचं काम करायची. तिथे मला एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला. त्यात चार ओळी लिहायच्या: हे बटण दाबलं की अमुक नावाची विंडो शोध, ती पुढे आण, मग तिच्यात हे-हे कर. झालं. माउस नको, क्लिक नको, शोधाशोध नको. दोन दिवसांत मी ऑफिसचं निम्मं काम बटणांवर बसवलं आणि तिसऱ्या दिवशी घराकडे वळले. (माणसाला नवीन विद्या आली की पहिला बळी घरच्यांचा जातो.)

घरी अप्पा होते. माझे वडील, रेल्वेतून निवृत्त. सगळी नोकरी त्यांनी सिग्नल केबिनमध्ये खटके ओढण्यात घालवली. एक खटका, एक सिग्नल. माउस नावाची वस्तू त्यांना कधी पटलीच नाही. "हे हातात धरून नेमकं कुठे जायचं?" असं ते विचारायचे. मी त्यांना बटणं नेमून दिली. एफ सेव्हन दाबलं की भजन, एफ एट दाबलं की बातम्या आणि एफ नाइन दाबलं की मंदार. मंदार म्हणजे माझा धाकटा भाऊ, राहायला मेलबर्नला. अप्पा खूश. बटण दाबण्याआधी ते केबिनमधल्यासारखं मोठ्याने सांगायचे, "एफ नाइन देतो." काम झालं की, "एफ नाइन दिला." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख मिळायची होती; पण बटणं त्यांना बोटांनीच कळत. मग माउस हवा कशाला? गेला कपाटात.

आता मुख्य गोष्ट. मंदार आणि त्याची बायको शिल्पा यांना मुलगी झाली. लग्नानंतर किती वर्षांनी, किती दवाखाने झाल्यावर, ते आमच्या घरात कुणी मोजत नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला विमानात बसवायची सोय नाही, आणि तिला सोडून मी जाणार नाही. त्यामुळे आम्ही तिघंही डहाणूत आणि बाळ तिकडे. मी लग्न केलेलं नाही. या मुलीला आत्या एकच, ती मी. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी मंदारला सांगून ठेवलं होतं की नाव मीच सांगणार, कॉम्प्युटरवरून सांगणार, तू फक्त तिच्या कानाशी फोन धर.

"ताई, नेट गेलं तर?" मंदार म्हणाला.

"नाही जाणार."

"गेलं तर मुहूर्त टळायला नको, शिल्पाच्या आईचं तेवढंच म्हणणं आहे. इथे शिल्पाची मैत्रीण आहे, मानसी. वेळ पडली तर ती आत्या म्हणून उभी राहील."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले. उगाच कशाला लपवू? मानसी म्हणे नऊवारी नेसून तयार राहणार होती. बाई गुणी असेल, पण माझ्या भाचीच्या कानात तिने का बोलायचं?

म्हणून मी एफ नाइनवर पुन्हा मेहनत घेतली. बाळाचा कॉल आधीच लागलेला असणार, आपल्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या तिकडे जाऊ नयेत म्हणून माइक बंद असणार. मुहूर्ताला अप्पांनी एफ नाइन दाबायचं, की प्रोग्रॅम कॉलची विंडो शोधून पुढे आणणार आणि तिचा माइक चालू करणार. पुन्हा दाबलं की बंद. विंडो ओळखायची कशी? विंडोच्या डोक्यावर त्या व्हिडिओच्या ॲपचं नाव असतं, ते दिसलं की तीच. आठवडाभर सराव केला, एकदाही चुकलं नाही.

आणि बारशाच्याच दिवशी, त्याच वेळेला, आमच्या केंद्राने डहाणू-तलासरीच्या चिकू बागायतदारांचा ऑनलाइन वर्ग ठेवला. विषय, चिकूच्या कळ्या पोखरणारी अळी. कर्मचाऱ्यांना हजेरी सक्तीची. मी साहेबांकडे सुट्टी मागितली तर म्हणाले, "घरूनच बसा हो, नुसतं चालू ठेवा." मी नुसतं चालू ठेवलं. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच ॲपमध्ये, दुसऱ्या विंडोत.

ज्यांना या विषयातलं कळतं त्यांना इथेच घाम फुटला असेल. मला नाही फुटला, मी पैठणीच्या निऱ्या काढत होते.

सकाळपासून घर भरलं. शेजारच्या कोकिलाबेन आल्या, नरपडची मावशी आली, मावशीच्या दोन सुना आल्या. आईने रिकामा पाळणा फुलांनी सजवला आणि वरवंट्याला कुंची घालून त्यात निजवलं. (तो वरवंटा त्या दिवशी फार गोड दिसत होता, सगळ्या बायका त्याच्याशी बोबडं बोलत होत्या.) आईने पाट मांडला, रांगोळी काढली आणि मला बजावलं, "एकदा बसलीस की नाव सांगून होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही. डोक्यावर पदर घे, डोळे मीट आणि मनापासून सांग."

मुहूर्त जवळ आला. तेवढ्यात वर्ग घेणाऱ्या सरांनी हजेरी मागितली. मी वाकून ती विंडो पुढे आणली, "हजर" असं टाइप केलं, आणि आई ओरडली, "बस, बस, वेळ झाली." मी तशीच पाटावर बसले. कानात इयरफोन, तोंडाशी त्याचा माइक, वायर वर कॉम्प्युटरपर्यंत ताणलेली. पडद्यावर बाळाऐवजी वर्ग राहिला होता हे मला माहीत होतं, पण एफ नाइन कशासाठी आहे?

"एफ नाइन देतो," अप्पा म्हणाले.

"बाळ दिसतंय का अप्पा?" मी पदराखालून विचारलं.

अप्पांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "दिसतंय की. गुलाबी आहे. चांगलं गुटगुटीत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. कानात दोन आवाज एकत्र येत होते. एक मंदारचा, "ताई, बोल आता." दुसरा सरांचा, "तर बागायतदारांनो, चित्रात दिसते आहे त्या अळीला तुमच्या भागात काय म्हणतात?"

मी डोळे मिटले. मंदार लहानपणी माझ्या कडेवर असायचा तो आठवला. मी अगदी हळू, अगदी प्रेमाने माइकमध्ये म्हटलं, "कुर्रर्र… रेवती."

त्याबरोबर मावशी, तिच्या सुना आणि कोकिलाबेन यांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. कोकिलाबेनचा हात चांगलाच भारी आहे.

मग सर म्हणाले, "रेवती? हे नवीन ऐकतोय. नरपडकडे म्हणतात का?"

कुणीतरी बागायतदार म्हणाले, "नाही बा सर. आमच्याकडे नुसतं कीड म्हणतो."

आणि त्याच वेळी दुसरीकडून मंदार, "ताई, तुझे ओठ हलताना दिसतायत, पण आवाजच येत नाही."

मी डोळे उघडले. पदर बाजूला केला. पडद्यावर, मोतीबिंदूतून पाहणाऱ्याला खरंच गुटगुटीत वाटेल अशी, एक गुलाबी अळी चिकूच्या कळीवर आरामात पसरली होती.

माझ्या लक्षात आलं. मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं की डोक्यावर त्या ॲपचं नाव असलेली विंडो पुढे आण. तशा दोन होत्या. त्याने बिचाऱ्याने सगळ्यात वर होती ती घेतली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

"सर, सर, सॉरी, मी," असं मी म्हणायला गेले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. कारण अप्पा म्हणाले, "एफ नाइन परत नॉर्मल." गाडी गेली की खटका मूळ जागी आणायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. माइक बंद.

"अप्पा, पुन्हा दाबा."

"एफ नाइन देतो." प्रोग्रॅमने पुन्हा इमानदारीत अळी पुढे आणली, माइक चालू. वर्गात माझा आवाज, "आई, चुकीच्या ठिकाणी नाव सांगितलं गं." अप्पांनी काम झालं असं समजून पुन्हा नॉर्मल केलं.

"मी उठते," मी म्हणाले.

"अजिबात नाही," आई म्हणाली. "नाव झाल्याशिवाय पाट सोडलास तर माझ्याशी गाठ आहे."

"मग माउस द्या कुणीतरी."

"कपाटात आहे ने," कोकिलाबेन म्हणाल्या. "चावी किधर?"

चावी कुठे आहे हे मला आजही माहीत नाही. विंडो बदलायची आणि बंद करायची बटणं मला पाठ होती, पण ती दोन-दोन एकदम दाबायची आणि अप्पांना एका वेळी एकच खटका ठाऊक. त्यांच्या हातून चुकून बाळाचीच विंडो बंद झाली तर? आमचं नेट पुन्हा कॉल लावेपर्यंत तिकडे जावळ काढायची वेळ आली असती. इकडे कानात शिल्पाच्या आईचा आवाज ऐकू येऊ लागला, "मंदार, मुहूर्त टळतोय. मानसी, ये बाई पुढे." मग बांगड्या वाजल्या. त्या माझ्या नव्हत्या.

"अप्पा," मी म्हणाले, "एकदाच दाबा, आणि मी सांगेपर्यंत नॉर्मल करू नका. गाडी अजून स्टेशनात उभी आहे."

ही भाषा त्यांना कळली. त्यांनी बटण दाबलं आणि दोन्ही हात मागे घेतले.

"सर," मी वर्गात म्हटलं, "माफ करा, मी आत्या आहे."

"कोणाची?" सर म्हणाले.

"माझ्या भावाच्या मुलीची. मेलबर्नला बारसं चालू आहे. मी नाव सांगते ते तिकडे जायच्याऐवजी तुमच्याकडे येतंय, आणि मला पाटावरून उठता येत नाही. तिकडे दुसरीच बाई नाव सांगायला वाकली आहे."

एवढं बोलून मला हुंदका आला, तोही सगळ्या डहाणू-तलासरीने ऐकला. मला वाटलं, आता नोकरीही गेली. तेवढ्यात तलासरीचे कुणी काका म्हणाले, "सर, अळी थांबेल. बारसं नाही थांबणार."

रानशेतच्या एक बागायतदार बाई म्हणाल्या, "पोरीला आत्या पाहिजे ना सर. करा काहीतरी."

मग सरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "हे बघा, मी तुम्हाला माझ्या बाजूने वर्गाबाहेर काढतो. इकडची विंडो बंद होईल आणि तुमची तिकडचीच तेवढी राहील. राग मानू नका, हजेरी लावून ठेवतो. आणि बागायतदारांनो, नाव कुणी बाहेर सांगायचं नाही, बाळाला अजून कळलेलं नाही."

"नाही सर," असं कितीतरी जण एका सुरात म्हणाले. तो सूर आठवला की मला अजून भरून येतं. त्यांतल्या एकालाही मी चेहऱ्याने ओळखत नव्हते.

विंडो मिटली. मागे बाळ होतं. पांढरी कुंची, मिटलेले डोळे, आणि तिच्यावर नऊवारी नेसलेली एक बाई वाकलेली.

"हे बाळ मघापेक्षा बारीक झालंय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, एफ नाइन."

"एफ नाइन देतो."

"मंदार, थांबव तिला," मी अशी किंचाळले की मानसी दचकून सरळ झाली. आणि मानसीचेही उपकारच म्हणायचे. तिने हसून मंदारच्या हातातला फोन घेतला, स्वतः खाली बसली आणि तो बाळाच्या कानाशी धरला. मी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा "कुर्रर्र" केलं आणि पुन्हा नाव सांगितलं. बाळाने तोंड वाकडं केलं आणि शिंकलं. तिकडे सगळे हसले, इकडे आई रडायला लागली, आणि माझ्या पाठीत धपाट्यांचा दुसरा हप्ता बसला.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅममधली ती ओळ बदलली. आता विंडोचं पूर्ण नाव तंतोतंत जुळल्याशिवाय तो कुणालाच पुढे आणत नाही. सरांना पेढे नेऊन दिले, तर त्यांनी बागायतदारांसाठी वेगळा पुडा मागून घेतला.

पुढच्या वर्षी मंदार रेवतीला घेऊन डहाणूला आला. ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण रोज सकाळी दाराशी कुणी ना कुणी चिकूची पाटी घेऊन उभं. एक जण झबलं घेऊन आले, एक जण चांदीचा वाळा. तलासरीचे काका तर तिला मांडीवर घेऊन मंदारला म्हणाले, "हिचं नाव हिच्याआधी आम्ही ऐकलंय, तेव्हा मानपान आमचाही बघा." मंदारने हात जोडले. मी तरी काय बोलणार? कानात आधी नाव पडणं हाच जर हिशेब धरला, तर रेवतीला डहाणू-तलासरीत भरपूर आत्या आहेत, त्यांतल्या निम्म्यांना मिशा आहेत, आणि सगळ्यात शेवटी, हजेरी लागल्यावर पोचलेली आत्या तेवढी मी.