मागलं दार

गावाबाहेर इस्टेटीचं मोठं घर आहे. समोर दगडी खांब, उंच खिडक्या आणि इतक्या रुंद पायऱ्या, की चढताना माणसाला आपण उगाच कुणीतरी असल्यासारखं वाटावं. गाव मात्र त्या पायऱ्या कधी चढलं नाही. गावाचा राबता मागल्या दाराने, थेट स्वयंपाकघरात. तिथेच डॉक्टर पोरांना टोचायचे, बायकांचा शिवणवर्ग भरायचा. नवराबायकोची भांडणंही तिथेच मिटत, कारण ती मिटेपर्यंत चावीवाली मावशी दार उघडत नसे.

मावशी तिथली राखणदारीण. मालकांच्या आईविना पोराला तिनेच वाढवलेलं. सगळे त्याला साहेब म्हणत, ही बाळ म्हणे. एकदा तर बँकेच्या माणसांसमोर त्याला नाक पुसायला लावलं होतं.

मालक गेले, छप्पर गळू लागलं. बाळ म्हणाला, मावशी, गावाने हातभार लावला तर घर टिकेल, आणि टिकलं तर ते गावाचंच. मावशी घरोघर फिरली. "माझ्या शब्दावर या," एवढंच म्हणायची. लोक आले. सुताराने तुळया बदलल्या, तिच्या गवंडी दिराने भिंती सावरल्या. शेवटी बाळ म्हणाला, मागल्या दारातून ओल शिरते, तेवढं तात्पुरतं बुजवू. आपल्या हाताला तात्पुरतं काम जमत नाही, अशी फुशारकी मारत दिराने दगडावर दगड चोख बसवला. गारा कालवून द्यायला मावशीच होती.

महिन्याभरात कुंपण आलं, फाटकावर हॉटेलची पाटी लागली.

मावशी फाटकाशी गेली. बाळ हसत बाहेर आला. "मावशी, तू पुढच्या दाराने ये ना. तुला कोण अडवतंय?"

"आणि बाकीचे?"

पाहुण्यांना शांतता लागते, असं काहीसं तो म्हणाला.

"मग राहू दे, साहेब."

हाक बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तो पहारेकऱ्याला फाटक नीट लावायला सांगत होता.

शिवणवर्ग आता मावशीच्या ओसरीवर दाटीवाटीने भरतो. तिला कुणी बोल लावत नाही, आणि तेच तिला सोसत नाही. परवा दीर चहाला आला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, एकदा तोंडावर शिव्या तरी घाला."

त्याने कप खाली ठेवला. "कुठल्या तोंडाने घालू, वहिनी? दगड तर मीच बसवले."