दहावी सूचक

"वय भरलंय, नाव यादीत आहे, मग अडतंय कुठं?" साडीला फॉल शिवता शिवता बाई हे म्हणायच्या आणि मशीनच्या फळीवर टिचकी मारायच्या. सुलतान बाजारात तुम्ही कधी फॉल लावून घ्यायला थांबला असाल, तर हे तुमच्याही कानावर पडलं असेल. मी शेजारच्या कापडाच्या दुकानात कामाला. मी तर रोजच ऐकायचो.

हा नाद त्यांना मतदानाच्या रांगेत लागला. एका गृहस्थांनी त्यांना ऐकवलं, मत द्यायला कुणीही चालतं, उभं राहायला मोठी माणसं लागतात. बाईंनी दुसऱ्याच दिवशी नियमांचं पुस्तक आणलं. मग गिऱ्हाइकांची परीक्षा सुरू झाली. मत द्यायला अठरा वर्षं, पण लोकसभेला उभं राहायला किती? कुणी गडबडलं की स्वतःच सांगायच्या: पंचवीस, भारताचं नागरिकत्व आणि मतदार यादीत नाव.

"यात मोठा माणूस कुठं लिहिलाय, दाखवा मला."

पुढच्या लोकसभेला त्या खरंच उभ्या राहिल्या, अपक्ष. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे नाव पुढे करणारे मतदार, लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले. बाई बरकतपुऱ्यात राहायच्या, मी काचीगुड्यात. दोन्ही एकाच मतदारसंघात. पहिली सही माझी. सही करताना मला उगाचच ताठ बसावंसं वाटलं.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. साडेबाराला कचेरीतल्या कारकुनाने यादी ताडून पाहिली आणि आमच्या चहावाल्याच्या नावावर पेन टेकवलं. तो काचीगुड्यात राहायला आला होता, पण नाव अजून सुलतान बाजारच्या यादीतच होतं. आणि सुलतान बाजार पडतो दुसऱ्या मतदारसंघात. उरले नऊ.

आम्ही फोन लावत सुटलो. कुणी गावाला, कुणी ड्यूटीवर. माझ्या गल्लीतली एक बाई त्या वेळी हमखास सुलतान बाजारात सापडली असती, पण तिचं नाव घ्यायला माझी जीभ रेटेना. ती म्हणजे अक्का. बाईंच्या समोरच पिकोचं मशीन घेऊन बसणाऱ्या. गिऱ्हाईक पळवण्यावरून दोघींचं कैक वर्षं बोलणं बंद होतं.

ते नाव शेवटी बाईंनीच घेतलं. "अक्कांकडे जाऊ. भाऊ, ऑटो थांबवा."

अक्का तेलुगू बोलणाऱ्या. बाजारात दोघींची भाषा दखनी, म्हणजे इथली हिंदी-उर्दू. बाई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि काय अडलंय ते सांगितलं. अक्कांनी मशीन थांबवलं.

"नाम दी तो वोट भी देना क्या?"

"नै अक्का. वोट तुम्हारा तुम्हारे पास. बस मेरा नाम आगे करो."

 अक्का मशीनवर कापड टाकून उठल्या. मी मोबाइलवर यादीत त्यांचं नाव शोधलं, सापडलं. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि अंगठा अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो, हे बाईंना पाठ होतं. मग ऑटोत आम्ही तिघं, आणि रस्ताभर गर्दी.

तीनला वीस मिनिटं असताना अंगठा उमटला. शपथ ईश्वराची की सत्यनिष्ठेची, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. बाई बौद्ध घरातल्या. सत्यनिष्ठेची म्हणाल्या आणि एका दमात वाचून मोकळ्या झाल्या. बाहेर पायरीवर त्यांनी अक्कांचा शाईचा अंगठा मुठीत धरला आणि दोघी इतक्या हसल्या, की पहाऱ्यावरचा पोलीसही हसायला लागला.

बाई सपाटून पडल्या. अनामतही गेली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मशीन नेहमीच्या वेळेला सुरू. वाईट वाटलं का, मी विचारलं. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "मतदानाच्या यंत्रावर माझा फोटो होता, भाऊ. तुम्ही पाहिलात ना?"

पाहिला होता. बरंच खाली, पण होता.

गेल्या वर्षी बाई परभणीला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. नावही तिकडच्या यादीत लावून घेतलं असेल. ते काम त्या राहू देणाऱ्या नाहीत. त्यांच्या जागी आता बांगड्यांचा गाडा लागतो. जुनी गिऱ्हाइकं अजून अक्कांना विचारतात, समोरच्या बाई कुठं गेल्या? अक्का आधी मशीन थांबवतात.

"लोकसभा को उनकू मैंइच खडी करी," त्या सांगतात, आणि मग पत्ता देतात.