आक्कासाठी उघडं पोर्ट

आमच्या मामाइतका राउटरवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नाही, आणि असलाच तर तो मामाच्याच हाताखाली तयार झालेला असणार. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेला हा गृहस्थ धूळ बसू नये म्हणून राउटरवर मामीनं विणलेला रुमाल घालायचा. रुमालानं राउटर तापला की पंखा त्याच्याकडे वळवायचा, रुमाल मात्र काढायचा नाही. गल्लीत कुणाचं नेट गेलं की तांबड्या रश्श्याची वाटी अर्धी ठेवून उठायचा.

गुडघे गेल्यावर आई पुण्याला माझ्याकडे आली आणि तिचं माहेरी जाणं कायमचं थांबलं. "दार तरी दिसावं रे एकदा," म्हणायची. मामानं दारावर कॅमेरा बसवला. कंपनीचं ॲप वापर म्हटलं तर भडकलाच. "माझ्या दाराचं चित्र आधी परमुलखात जाणार, मग पुण्याला येणार? आक्कानं म्हायेरचं दार बघायला तिसऱ्याची परवानगी कशाला?" मग व्हिडिओ कॉल? "त्यो मी उचलला तर दिसणार. म्हायेरचं दार ढकललं की उघडलं पायजे!"

म्हणून पासवर्ड लावून राउटरचं एक पोर्ट आईसाठी उघडायचं ठरलं. मला काही कळेना, तेव्हा मामानं फोनवर समजावलं, "पूर्वी गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं 'तालमीजवळ' एवढ्याच पत्त्यावर यायची न्हवं? बाहेरच्याला तालीम तेवढी ठावं. वस्ताद पोस्टमनला घर दाखवायचा. राउटर म्हंजे वस्ताद. ह्या पोर्टच्या नंबरानं कोण आलं तर कॅमेऱ्याकडं धाड, एवढं त्याला सांगून ठेवायचं." त्यानंतर मला नेटवर्क कधीच अवघड वाटलं नाही.

आठवडाभर आईनं दार बघितलं. मग एकदा वीज गेली, आली, आणि राउटरनं घरातल्या यंत्रांना पत्ते नव्यानं वाटले. कॅमेऱ्याचा पत्ता गेला प्रिंटरला. सकाळी आईनं लिंक उघडली, दाराऐवजी प्रिंटरचं पान वाचलं आणि काळजीनं मामाला फोन केला, "बाळू, तुझी काळी शाई संपत आलीय रे." मामा दिवसभर स्वतःवर चिडून होता. "तालमीत हरेक पैलवानाची खुंटी ठरल्याली असती. मी कॅमेऱ्याला खुंटीच दिली न्हाय!" त्यानं कॅमेऱ्याचा पत्ता कायमचा बांधून टाकला. पुढं आई मुद्दाम विचारायची, "शाई भरलीस का?"

त्यानंतर रोज आठ वाजता मामा दारात खुर्ची टाकायचा, कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायचा आणि पेपर उघडायचा. आवाज नव्हताच. आई चहा घेत बघत बसायची. "पेपर उलटा धरलाय मेल्यानं," म्हणून खुदकन हसायची. तेवढं माहेर तिला रोज मिळायचं.

गेल्या वर्षी आई गेली. दिवस झाल्यावर मी मामाकडे गेलो. वापरात नसलेलं पोर्ट उघडं ठेवू नये, हे त्यानंच मला शिकवलेलं. ते आठवून म्हटलं, "मामा, आता बंद करूया." त्यानं चष्मा लावला, सेटिंग उघडलं, आणि काहीच न बदलता मिटलं. मग रुमाल राउटरवर नीट घालत म्हणाला, "असू दे की. म्हायेरचं दार हाय ते."

हल्ली सकाळी मीच ती लिंक उघडतो. मामाला हे मी सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी पलीकडे आता कुणीच नाही. तरी आठ वाजता तो खुर्ची टाकतो, कॅमेऱ्याकडे बघून हात वर करतो आणि मगच पेपर उघडतो.