देवाच्या पाटाखालच्या तीन चिठ्ठ्या

कुठून सुरू करू, तेच समजत नाही बाई. स्वतःच्या हाताने लिहून देऊन स्वतःला चेटकीण ठरवणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? नसेल तर बघून घ्या. मीच ती.

झालं असं, आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाने गणपतीत हस्तलिखित काढायचं ठरवलं. विषय दिला, 'जे कधी घडणार नाही ते घडलं तर'. एका घरातून एकच गोष्ट. मी शिकलेली सातवीपर्यंत. पण नको नको ते मनात आणण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पोरीला एक शिंक आली की मी मनाने दवाखान्यात पोचलेली असते. म्हटलं, हे डोकं रिकामं चालतच असतं, एकदा कामाला लावू.

तीन गोष्टी सुचल्या. पहिलीत नवरा ड्युटीवरून घरी येतो, पण त्याची सावली पोलाद कारखान्याच्या भट्टीजवळच राहून जाते, आणि बिनसावलीचा माणूस दिवसेंदिवस झिजतो. दुसरीत मुलगी दर वाढदिवसाला एक वर्षाने लहान होते, आई फ्रॉक आखूड करत बसते. तिसरीत सासू घरातल्या घरात हरवते. भिंतीतून आवाज येतो, बाई दिसत नाही.

आता यातली निवडायची कोणती? एक लिहायला घ्यावी तर दुसरी पदर ओढायची. चार दिवस भाजी करपली.

माझ्या माहेरी गोंदियाकडे मन ठरत नसलं की देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. माझं स्थळसुद्धा चिठ्ठीतच निघालं. मी तीन चिठ्ठ्या केल्या. जागा कमी, म्हणून थोडक्यात लिहिलं: 'नवऱ्याची सावली जाते, माणूस झिजतो.' 'मुलगी लहान होत होत संपते.' 'सासू भिंतीत जाते.' हळदकुंकू लावलं आणि देवाच्या पाटाखाली ठेवल्या. सकाळी आंघोळ करून एक उचलायची होती.

सकाळी माझ्याआधी सासूबाईंनी देव घासायला काढले.

मी नळावरून आले तर त्या जमिनीवर बसलेल्या. पुढे तीन कागद, आणि आमची पाच वर्षांची चिकू त्यांच्या पदराखाली. मी तिला घ्यायला वाकले.

"हात नोको लावू तिले," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाने तोंड उघडू नये. मी घाईघाईने सांगितलं की आई, तिन्ही नाही होणार, एकच होईल, देव सांगेल ती.

त्यांनी चिकूला आणखी आत ओढलं.

तेवढ्यात शेजारच्या साहूकाकू आल्या. हळदकुंकवाचे कागद पाहून दारातच थांबल्या. हे कुठे शिकलीस, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी काय सांगावं? माहेरी शिकले, आमच्याकडे सगळ्याच करतात! झालं. एका वाक्यात अख्खं माहेर बुडवलं.

काकू पुटपुटल्या, "टोनही."

जादूटोणा करणारी बाई. आमच्या छत्तीसगडात हा शब्द हसण्यावारी जात नाही. ह्या एका शब्दावरून बायकांना गावाबाहेर काढलेलं ऐकलं आहे. चिकू पदराआडून माझ्याकडे बघत होती आणि येत नव्हती.

दुपारी आमचे हे पहिल्या पाळीवरून आले. सासूबाईंनी त्यांना आत येऊच दिलं नाही. आधी अंगणात उन्हात उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. सावली होती.

मग ह्यांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "आई, मंडळाच्या हस्तलिखिताचं हाय हे. गोष्टी लिहून राहिली ते."

सासूबाईंनी मला समोर बसवून तिन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या. मग बोटांवर मोजल्या.

"कावून वं, तिन्हीत आमीच जातो. तू तेवढी जशीच्या तशी?"

ज्यांच्या जाण्याची भीती, तेच कागदावर येतात ना बाई!

"आता तू जाशील अशी लिही," त्या म्हणाल्या. "मंग पोरगी घेजो."

मी स्वयंपाकघरात बसून तासाभरात चौथी गोष्ट लिहिली. एका सकाळी आई नाहीशी होते. दूध उतू जातं, डबा रिकामा राहतो, पोरगी बिनवेणीची दारात उभी. लिहिता लिहिता मीच हुंदके देत होते. बाहेर येऊन वाचून दाखवली आणि डोळे पुसले.

कोणाचेच डोळे ओले नव्हते.

"दूध मी पाहीन," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी विचार करून सांगितलं की डब्याचं काही नाही, कँटीनमध्ये जेवण चांगलं भेटते.

चिकू म्हणाली, "वेणी आजीचीच बरी. ओढत नाही."

मग सासूबाईंनी पोरगी माझ्या मांडीवर दिली, अगदी समाधानाने. "हेच दे मंडळात. चारीत हेच चांगली हाय. यात कोनाचंच काही बिघडत नाही."