तोंडावर बोट नसलेला वर्ग

विठ्ठलवाडीच्या डेपोमागे आमच्या मुलांची शाळा आहे. तिथल्या प्रत्येक वर्गात शिक्षक आत आले की पहिला हुकूम सुटतो, "हाताची घडी, तोंडावर बोट!" फक्त अंजनीबाईंच्या पहिलीत तो नव्हता. उलट कुणी तोंडासमोर हात धरलाच तर बाई उठून जवळ यायच्या, तो हात खाली करायच्या आणि म्हणायच्या, "तोंड झाकून कोण बोलतं? चोर बोलतो. तू चोर आहेस का रे?" मूल हसायचं आणि हात खालीच राहायचा.

पालकांना याचं भारी कौतुक होतं. बाई मुलांना मोकळं ठेवतात, असं सगळे म्हणायचे. खरं कारण अख्ख्या चाळीत मला एकटीला ठाऊक होतं. अंजनीताईंना ऐकू येत नव्हतं.

त्या माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. एकट्या. ऐन तिशीत त्यांना टीबी झाला होता. इंजेक्शनांनी छाती बरी केली आणि कान नेले. नस मेलीय, मशीन लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून टाकलं. ताई ओठांवरून ओळखायला शिकल्या. इतक्या चांगल्या शिकल्या, की समोर बसून बोलणाऱ्याला कधी शंका आली नाही. मला कळलं ते विहारात. वंदनेला सगळे डोळे मिटतात. माझं मन मात्र गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे जातं आणि डोळे उघडतात. दर वेळी दिसायचं, की आणखी एका बाईचे डोळे सताड उघडे आहेत आणि ते बुद्धमूर्तीकडे नाही, भंतेजींच्या ओठांकडे लागलेत. एका रविवारी मी त्यांच्या पाठीमागून हाक मारली, मग पुन्हा मारली, मग समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ओळखलं.

"कुणाला सांगू नकोस," म्हणाल्या. "कान गेलेत हे कळलं तर वर्ग जाईल. आणि वर्गाशिवाय मला आहे काय, सांग."

मी सांगितलं नाही.

वर्ग त्यांनी स्वतःच्या सोयीने बांधलेला होता. बाकं नव्हतीच. सतरंजीवर मुलं नालासारखी गोल बसायची, मध्ये बाईंचं बुटकं स्टूल. त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे उजेड बरोबर मुलांच्या तोंडावर. उत्तर तोंडी द्यायचं नाही. पाटीवर लिहायचं आणि बाईंनी "पाट्या वर!" म्हटलं की डोक्यावर धरायची. एका नजरेत सगळ्या वर्गाचं उत्तर वाचून व्हायचं. कुणाचा ग उलटा आहे, कुणाची बेरीज चुकली, ते तिथंच कळायचं. एकाची चूक दुसऱ्याच्या आवाजाखाली लपायची नाही. माझी रुचिका दिवाळीपर्यंत वाचायला लागली ती याच वर्गात.

मग विकास आला.

विकास आमच्याच चाळीतला, भीमरावांचा मुलगा, आणि बाईंचा जुना विद्यार्थी. कॅम्प दोनमध्ये त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे, चांगला चालतो. लहानपणी तो फार अडखळायचा. स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा त्याला, आणि पोरं "वि-वि-वि" करून मागे लागायची. अंजनीबाईंच्या वर्गात मात्र त्याला कधी बोलावं लागलं नाही. पाटी वर केली की झालं. ते त्याने मनात धरून ठेवलं होतं. दोन हजार सातच्या जूनमध्ये तो मुख्याध्यापक नरेंद्र सरांकडे गेला आणि म्हणाला, बाईंचा वर्ग मी नवा करून देतो. मुंबईच्या शाळांत असतो तसा.

सरांना काय, आभाळ ठेंगणं झालं. सतरंजी निघाली, फरशी बसली. फरशीत स्क्रूने पक्की केलेली बाकं आली, सगळी एकामागे एक, पडद्याकडे तोंड करून. छताला प्रोजेक्टर. खिडक्यांना काळे जाड पडदे. बाईंसाठी गळ्यात अडकवायचा माइक. पाट्या बंद झाल्या, कारण खडूची धूळ कॉम्प्युटरमध्ये जाते. चित्र दिसणार, मुलं एकसुरात उत्तर देणार. चपला बाहेर काढायच्या.

ताईंनी खोली पाहिली त्या संध्याकाळी माझ्याकडे आल्या. चहा पुढे ठेवला तो तसाच.

"अंधार करतात गं. आणि पोरं एकमेकांच्या पाठीमागे. मला पुढच्या रांगेपलीकडे एक तोंड दिसायचं नाही."

"सरांना सांगा ना, बाकं गोल लावा म्हणून."

"स्क्रू मारलेत."

"मग विकासला खरं सांगा. तुमचाच आहे तो."

त्या हसल्या. "तो आनंदाने नाचतोय. त्याला काय सांगू, तू आणलेल्या उजेडात मला दिसत नाही?"

शेवटी त्यांनी सरांकडे एवढंच मागितलं, की एक पडदा उघडा ठेवा, मला अंधारात गुदमरतं. सर म्हणाले, "एका पडद्याने काय होतंय? ठेवू." त्या एका पडद्यावर ताईंनी सगळी भिस्त ठेवली. त्या खिडकीचा उजेड कुठल्या बाकांवर पडतो ते पाहून हुशार मुलं तिथे बसवली. त्यांच्या ओठांवरून काम भागेल, असा हिशेब.

उद्घाटनाला आम्ही पालक भिंतीकडेने उभे होतो. शिक्षण खात्याचे साहेब आले होते. दारावर झाकलेली पाटी होती, तिचं कापड विकासनेच ओढलं. ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं, "अंजनीबाई डिजिटल वर्ग". ताईंनी तोंडाला पदर लावला. विकास माइकवर बोलला, दोनदा अडखळला, पण बोलला. म्हणाला, "बा-बाईंनी माझी लाज राखली. मला कधी बोलायला लावलं नाही. सगळ्या वर्गाला पाट्या दिल्या, फक्त मा-माझ्यासाठी." टाळ्या वाजल्या. ताईही वाजवत होत्या, कारण सगळे वाजवत होते. तो त्यांच्याकडे पाठ करून बोलत होता.

मग दिवे घालवले. पडद्यावर घोडा आला, पण फिकट. विकास म्हणाला, "अरे, ही खिडकी कुणी उघडी ठेवली?" धावत गेला, काळा पडदा ओढला आणि फट राहू नये म्हणून कपड्याचे चिमटे लावले. मनापासून लावले. खोलीत फक्त घोडा उरला.

"हा कोण, मुलांनो?" ताईंनी माइकवर विचारलं.

"घोडा!" मुलं ओरडली.

थोडं थांबून ताई म्हणाल्या, "शाबास!"

गाय आली, शाबास झालं. हत्ती आला. तेवढ्यात मागच्या बाकावरून हिरामण रिक्षावाल्याचा बाळा ओरडला, "नरेंद्र सर!"

"शाबास!" ताई म्हणाल्या.

खोली फुटली हसून. साहेबही हसले. बाळाला चेव आला. पुढे माकड आलं, तर तो म्हणाला, "साहेब!"

"अगदी बरोबर! सगळ्यांनी म्हणा!"

आणि सगळ्यांनी म्हटलं. साहेबांचं हसू गेलं. नरेंद्र सरांनी खटकन दिवा लावला. ताई गोंधळून इकडेतिकडे बघत होत्या, चेहऱ्यावर ते शाबासकीचं हसू तसंच. सर सावकाश चालत ताईंच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या पदराला जाळ लागलाय."

ताई मुलांकडे बघून हसत होत्या.

"बाई, पेटलात की हो तुम्ही!"

पहिल्या बाकावरची सोनी घाबरून रडायला लागली. ताई तिच्याजवळ गेल्या, डोक्यावरून हात फिरवला. "काय झालं गं? अंधाराला भ्यालीस?" सर साहेबांकडे बघून हात पसरून उभे, जादूगार प्रयोगानंतर उभा राहतो तसे. भिंतीकडेच्या बायकांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "बहिरी आहे की ही! आणि आपण आपली पोरं दिली हिच्याकडे!" मी पुढे होऊन ताईंचा हात धरला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही तरी त्यांना वाचता आलं.

विकास त्यांच्यासमोर आला. सरळ समोर, उजेडात.

"तेव्हापण? मी पहिलीत होतो तेव्हापण ऐ-ऐकू येत नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे पाट्या..."

"पाट्या माझ्यासाठी होत्या, बाळा." ताई खोटं बोलू शकल्या असत्या. "तू अडखळतोस हे मला कधी दिसलंच नाही. ओठ थांबायचे, मला वाटायचं, विचार करतोयस."

विकासने चिमट्यांची पिशवी उचलली आणि निघून गेला. बापाला नंतर म्हणाला म्हणे, की इतकी वर्षं ज्या बाईला मी बुद्धाच्या शेजारी बसवलं तिला माझा पत्ताच नव्हता. मला त्याचा राग आला होता. अजून आहे. पण त्याचं काय गेलं तेही मला दिसतं.

संस्थेने चौकशी वगैरे केली नाही. सरांनी दोन शब्दांत मिटवलं. ताई समोर असताना मलाच म्हणाले, "यांना सांगा, घरी बसा नाहीतर दाराशी बसा. चपला सांभाळायला माणूस लागतंय." ताईंनी ओठ वाचले होतेच. म्हणाल्या, "दाराशी बसते. पोरं दिसतील."

वर्ग भावना मॅडमना मिळाला. आता तिथेही "हाताची घडी, तोंडावर बोट" चालतं. चित्र येतं, मुलं एकसुरात ओरडतात. ज्याला येत नाही तोही तोंड उघडून ओरडतो आणि सगळ्यांना वाटतं, वर्ग हुशार आहे. दाराबाहेर, स्वतःच्याच नावाच्या पाटीखाली, अंजनीताई चपलांच्या जोड्या लावत बसतात.

मुलांनी त्यावर खेळ काढला. बाहेर पडताना समोर उभं राहायचं, आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. अर्थ नसलेलं काहीतरी. ताई डोळे बारीक करून बघतात, पुन्हा बघतात, मग म्हणतात, "काय रे राजा? परत सांग." पोरं पोट धरून पळतात. ज्यांचे हात त्यांनी तोंडावरून खाली केले, तीच ही पोरं. खेळाचं नाव आहे 'बाई-बाई'. रुचिकाने घरी तो माझ्याशी खेळला. मी भाकरी थापत होते. ती समोर आली आणि ओठ हलवले. मी म्हटलं, "काय गं?" तिने पुन्हा हलवले. क्षणभर वाटलं, गेले माझेही कान. तशी ती टाळ्या पिटत ओरडली, "आई पण बहिरी!" मी तिला मारलं. विहारात अहिंसेचं शील घेतलेला हात आहे, तरी मारलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत पुन्हा तेच खेळली.

परवाच्या पौर्णिमेला विहारात ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वंदना सुरू झाली, माझे डोळे सवयीने उघडले आणि पाहते तर त्यांचे मिटलेले. घट्ट मिटलेले, पापण्यांना सुरकुत्या पडतील इतके. आता त्यांना कुणाचेच ओठ बघायचे नव्हते. पंचशील आम्ही एका सुरात म्हणतो. डोळे मिटल्यावर त्यांचा सूर सुटला. आमचं पाचवं शील झालं, 'साधु, साधु, साधु' म्हणून झालं, सगळे गप्प झाले. ताई अजून चौथ्यावर होत्या, खोटं न बोलण्याच्या. त्यांचा सपाट, जाड आवाज रिकाम्या शांततेत एकटाच चालला होता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेले, पण भंतेजींनी मानेने नको म्हटलं.

मागच्या सतरंजीवर मुलं बसली होती. तिथून आधी एक खुसखुस आली, मग हसू. डोळे मिटून ऐकलं असतं तरी मी ते ओळखलं असतं. रुचिकाचं होतं.

ताईंनी पाचवं शील पूर्ण केलं, हात जोडलेलेच ठेवले, आणि डोळे उघडले नाहीत.